लुंगीतला टेम्पो

आमच्या सोसायटीतला टेम्पो संध्याकाळी कामावरून आला की चाकं धुतो आणि लुंगी नेसतो. लुंगी चौकड्यांची आहे, चार लुंग्या जोडून शिवलेली. ती मागच्या फाळक्यावरून खाली सोडली की पिवळी नंबरप्लेट झाकली जाते. मग तो चहा मागतो.

तो आमच्या पार्किंगमध्ये राहतो. आमच्याकडे पार्किंग आहे, गाडी नाही. दिवसभर तो प्लायवूड वाहतो आणि संध्याकाळी आमच्या रेवाला झोपवतो. इंजिन बंद ठेवून नुसत्या घशातून घुरघुरतो आणि वर पहिल्या मजल्यावर रेवाचे डोळे मिटतात. बाळाच्या झोपेबद्दल मी बरंच वाचून ठेवलं होतं, त्यातलं काहीही चाललं नव्हतं. मालवाहू वाहनानं झोपवलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हेही मी शोधलं. त्यावर अजून कुणी अभ्यास केलेला दिसत नाही.

तक्रार सेक्रेटरी सबनीसकाकांनी केली. निवासी भागात व्यावसायिक वाहन उभं करता येत नाही, असा नियम आहे, आणि काका विमा एजंट असल्यामुळे त्यांना नियम बारीक अक्षरांसकट पाठ असतात.

"परवा आमच्या शर्वरीला बघायला मंडळी आली," काका म्हणाले, "तर हा समोर लुंगीत."

"मी नमस्कार केला होता," टेम्पो म्हणाला.

"हॉर्न वाजवलास."

"आमच्यात तसाच करतात, काका."

पालिकेच्या गायधनी मॅडम चौकशीला आल्या. त्या ड्यूटीवर असल्यामुळे निवासी भागात उभ्या राहू शकत नव्हत्या. म्हणून त्या फाटकाबाहेर थांबल्या आणि आम्ही सगळे आत उभे राहिलो. चहाही त्यांनी फाटकाच्या गजांमधून घेतला.

"वाहन व्यावसायिक आहे का?" त्यांनी विचारलं.

"सहापर्यंत," टेम्पो म्हणाला. "नंतर मी घरीच असतो."

"हे ठरवायचं कसं?"

रेवा माझ्या खांद्यावर होती. हा टेम्पो गेला तर आज तिला कोण झोपवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मास्टर्स केलेली बाई आहे, तरी कुठे गप्प बसावं हे मला वेळेवर सुचत नाही.

"मॅडम," मी म्हणाले, "घरी येऊन कपडे बदलले की माणूस पुन्हा बाहेर पडत नाही. कुणी काहीही काम सांगू दे. तो घरचा झाला हे त्यावरूनच कळतं."

मॅडमना हे फार पटलं. त्यांनी तिथूनच टेम्पोला फोन लावला आणि एका बंगल्याचं सामान आत्ताच्या आत्ता हलवायचं आहे, दुप्पट भाडं देऊ, असं सांगितलं.

"कपडे बदललेत," टेम्पो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो निवासी ठरला. रेवा तिथेच, माझ्या खांद्यावर झोपली. मी घरी जायला वळले, तेव्हा मॅडम म्हणाल्या की नियम सगळ्यांना सारखा असतो, एकट्या टेम्पोला लावता येणार नाही.

माझा नवरा अभिजित पहिल्याच मिनिटाला उत्तीर्ण झाला. एकदा बर्म्युडा चढवली की त्यानं आजवर खालून कोथिंबीरसुद्धा आणलेली नाही. सबनीसकाका पायजम्यात होते. पॉलिसी घ्यायची आहे, असा फोन आला आणि ते "हा निघालोच" म्हणत निघालेसुद्धा.

मी घरून काम करते. मीटिंगला वर ऑफिसचा कुर्ता असतो, खाली पायजमा. पण त्या वेळी मी पूर्ण गाऊनमध्ये होते आणि तेवढ्यात खरोखरच ऑफिसमधून घाटे सरांचा फोन आला.

"हो सर," मी म्हणाले. "करते लगेच."

मॅडमनी माझ्याकडे जरा वाईट वाटून पाहिलं आणि व्यावसायिक म्हणून पिवळी पाटी दिली. ती कमरेला मागे लावायची असते.

त्या दिवसापासून मी फाटकाबाहेर, इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारी उभी असते. शेजारी सबनीसकाका असतात. रेवाच्या नावानं आत्ताच काहीतरी सुरू कर, असं ते मला रोज सांगतात. संध्याकाळी दूध पाजायची वेळ झाली की टेम्पो रेवाला हौद्यात गादीवर घालून फाटकापर्यंत आणतो. ही मालवाहतूक आहे, अशी हरकत काकांनी घेतली होती. तो लुंगीत असतो, या मुद्द्यावर ती फेटाळण्यात आली.

आत जायचा रस्ता एकच होता. कपडे बदलल्यानंतर आलेल्या कामाला नाही म्हणायचं. मी रोज संध्याकाळी टपरीमागे जाऊन गाऊन घालत होते आणि घाटे सर रोज फोन करत होते.

पहिल्यांदा मी म्हणाले, "सर, मी कपडे बदललेत, म्हणजे तसं फार अर्जंट असेल तर..." ते अर्जंट निघालं.

दुसऱ्यांदा मी रेवाचे दात, सर्दी आणि माझी पाठ हे सगळं सविस्तर सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाईल पाठवली.

"कारणं कशाला देताय, वहिनी?" फाटकाआडून टेम्पो म्हणाला. "समोरच्याला कारण दिलं की तो त्यावर उपाय सांगतो."

"नोकरी गेली तर?"

"मला काय रोज कमी फोन येतात? सकाळी पुन्हा तेच लोक करतात. ते 'म्हणजे' तेवढं काढा."

काल रेवा आत रडत होती. टेम्पो घुरघुरत होता, पण दिवसभर प्लायवूड ओढून त्याचा घसा बसला होता. बर्म्युडातला अभिजित तिला घेऊन फाटकापर्यंतच येऊ शकत होता. तिनं गजांमधून हात बाहेर काढला आणि माझ्या गाऊनचं बटण धरलं. तेवढ्यात फोन वाजला.

"केतकी, एक छोटंसं काम होतं," घाटे सर म्हणाले.

"सर, मी कपडे बदललेत."

पुढे काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं. मी ओठ दाबून धरले. पलीकडे एकदा खुर्ची करकरली.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "मग उद्या."

टेम्पोनं पुढच्या आकड्यानं फाटक ओढून उघडलं. मी रेवाला घेतलं. जिन्यावरच तिचा डोळा लागला, मला घुरघुरावंही लागलं नाही. पिवळी पाटी मी काढली नाही, कारण ती सकाळी लागते. कुशीवर झोपलं की टोचत नाही.

पडल्यावर खालून सबनीसकाकांचा आवाज आला. "केतकी, अगं, तू नेमकं काय म्हणालीस त्यांना? जरा खाली येऊन सांगतेस का?"

सांगितलं असतं. पण मी कपडे बदलले होते.