पाखडाचें दत्तविधान

श्रीमृत्तिकादेवी प्रसन्न. चिखलीं पाय आणि चित्तीं शरम ठेवून लिहितों. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आषाढमासीं एका खाचराच्या राज्यीं लढाई जाली, तिचा मजकूर ऐसा. राज्य भाताचें, सतरा गुंठे; राणीसाहेब आम्ही; आणि बखर लिहावयास पदरीं दुसरें कोणी नाहीं, सबब तीही आम्हीच. धाकटे दीर विश्राम भावजी यांचा डोळा खाचरावर, मनसुबा वीटभट्टीचा. त्यांणीं करार केला कीं, "वहिनी, पोळ्याला खाचर बांधापासून बांधापर्यंत हिरवं दिसलं तर तुमचं. टक्कल दिसलं, तर माती मी खणणार." आम्ही शेती पुस्तकांतून शिकलों, तेव्हां "कबूल!" म्हणोन गर्जलों. मग लावणीस चांगुणाआत्या आल्या. या शेजारवाडीच्या, साठ वर्षें चिखलांत हयात गेलेली. रोपें उपटतां आत्या पानाच्या सांध्यावरून अंगठा फिरवीत आणि उंच, जाड, टवटवीत रोपें बांधावर भिरकावीत. आम्हांस गहिंवर आला. पुसिलें, "आत्या, धडधाकट पोरं टाकता आणि किडमिडी ठेवता?" त्या म्हणाल्या, "भात न्हाई ते, बाई. पाखड हाय, गवत. भाताच्या सांध्याला पांढरी जीभ असती, याला न्हाई." आम्ही मनीं म्हटलें, म्हातारीची नजर गेली, आणि आत्या भाकर खावयास बसत ते समयीं टाकलेलीं लेकरें पदरांत घेऊन खाचराचा तिसरा हिस्सा स्वहस्तें दोरी धरून लाविला, आणि त्यांस खतही दोन मुठी ज्यादा घातलें.

मग विसावे दिवशीं भात राखून गवत तेवढें मारणारें तणनाशक आणिलें, बाटलीवरील फर्मान तीन वेळ वाचिलें, आणि पाणी काढून, पंप पाठीस बांधून, सेनापतीच्या डौलानें फवारिलें. पुढें आठ दिवसांत आत्यांचें भात जैसें तैसें हिरवें, आणि आमचा तिसरा हिस्सा ओळींत उभा राहून शिस्तीनें पिवळा पडला आणि मेला. आम्ही दुकानदाराच्या नांवें ओरडूं लागलों कीं औषध खोटें. आत्या बांधावर टेकल्या, हसूं आवरेना. म्हणाल्या, "औषध खरं हाय, बाई. गवत मारायचं, मारलं. तूच गवत लावलंस, त्याला ते काय करंल?" मग आम्हांस रडूं आलें, कारण पोळा तीन आठवड्यांवर आणि टक्कल साडेपांच गुंठे. आत्या म्हणाल्या, "रडून रोप उगवत न्हाई. पदर खोच." आणि आपल्या लावणींतील दाट चुडांतून, म्हणजे रोपांच्या झुबक्यांतून, मुळांसकट फुटवे काढून देत गेल्या, आणि आम्ही एकेक पान अंगठ्यानें तपासून लावीत गेलों, ऐसें चार दिवस. कंबरेचा बुरूज तेव्हांच ढासळला, तो अद्यापि उभा नाहीं.

पोळ्यास भावजी टेप घेऊन आले. खाचर हिरवें. तरी म्हणाले, "हे सगळं आत्यांच्या हातचं. वहिनींना यातलं काय कळतं?" आत्यांणीं खाचराच्या कोपऱ्यांतून, जेथें आमचा फवारा चुकला होता तेथून, दोन रोपें उपटून पुढें धरिलीं. "तुला कळतंय न्हवं? मग यातलं भात कंचं, सांग." भावजींणीं दोन्हीं निरखिलीं, आणि उंच, जाड, टवटवीत होतें तें घेऊन मोठ्या मायेनें छातीशीं धरिलें. आत्यांणीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही हसणार होतों, परंतु भावजींचें तोंड पाहोन हसवेना. हळूच म्हटलें, "भावजी, मीही हेच घेतलं होतं." भावजींणीं टेप खिशांत घातली.

इत्यर्थ, वीटभट्टी जाली नाहीं, राज्य राहिलें, आणि राणीसाहेब पुढील सालीं चांगुणाआत्यांच्या हाताखालीं रोपांच्या मुठी वाहण्याच्या चाकरीवर रुजू व्हाव्या ऐसें ठरलें. दाखल असावें.