चार खेपांत चंद्र

बसूअण्णांसमोर चंद्राचं नाव काढायचं नाही, असा आमच्या इमारतीचा अलिखित नियम आहे. पौर्णिमेलासुद्धा आम्ही खाली मान घालून जिना चढतो. कारण अण्णांनी एकदा गाठलं, की ते माणसाला चंद्रावर पोचवल्याशिवाय सोडत नाहीत. तेही चार खेपांत!

अण्णांनी उभी हयात कसबा बावड्यात उसाचा ट्रॅक्टर चालवला. त्यामुळे जगातल्या तमाम शास्त्रज्ञांशी त्यांचं एकच भांडण.

"एका रॉकेटात समदं कोंबायचं कशाला, मास्तर? चढ आला की आमी मागची ट्रॉली सोडतो. एक वर न्हेऊन ठेवतो, परत येऊन दुसरी न्हेतो. वर गेल्यावर जोडायच्या की!"

म्हणून पहिल्या खेपेत चंद्रावर उतरायचं यान, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत इंधन, आणि पृथ्वीभोवती फिरता फिरता सगळ्याची जोडणी. "माणसं चौथ्या खेपंला. तवर घरात जेवू देत."

एवढ्यात आतून अण्णांच्या बायकोचा, शालनअक्कांचा आवाज यायचा, "चंद्र ऱ्हाऊ दे वो! मला उचगावला कवा न्हेताय?"

उचगावला अक्कांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. अक्कांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याला आठ महिने झाले. डॉक्टरांनी जिना उतरायला परवानगी दिली होती. पण आमची इमारत बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर. पहिली पायरी बघूनच अक्का माघारी फिरायच्या. खुर्चीत बसवून उचलून नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मी काय पालखीतला देव हाय व्हय?" बहिणीचा फोन आला की मात्र बराच वेळ पदर डोळ्यांना असायचा.

मी एकदा अण्णांची खोडी काढली. "इंधन वर थांबलं, की त्याची वाफ होते म्हणे."

"होनारच की! कारखान्याच्या दारात नंबराला थांबलेला ऊस वाळून वजन घटत न्हाय? जरा जास्त भरायचं आन् खेपा झटझट मारायच्या."

परवा रविवारी सकाळी जिन्यात धडाधड आवाज. बघतो तर दुसऱ्या मजल्यावर उशी घातलेली खुर्ची. पहिल्या मजल्यावर आणखी एक, शेजारी स्टुलावर चहाचा थर्मास. मी खुर्चीत बसलो आणि चहा ओतून घेतला. फुकटचा चहा सोडणाऱ्यातला मी नाही.

"मास्तर! इंधन प्यालासा?" खालून धापा टाकत अण्णा गरजले. ते तिसऱ्या खेपेत रिक्षा दाराशी लावून आले होते. मला खुर्चीवरून उठवून ते वर पळाले, आणि काय सांगू, दुसरा थर्मास भरून तयारच होता!

चौथ्या खेपेला अक्का निघाल्या. "तळाकडं बघू नगंस," अण्णा सांगत होते, "फकस्त म्होरल्या खुर्चीकडं बघ." दुसऱ्या मजल्यावर दम, पहिल्या मजल्यावर चहा. सगळी इमारत दारादारांत श्वास रोखून उभी.

शेवटची पायरी संपली. अक्कांनी फरशीवर पाय टेकला, दुसरा टेकला, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. आता अण्णांचं भाषण होणार, या भीतीनं मी दोन पावलं मागेही सरलो.

"अहो, बोला की काईतरी," अक्का म्हणाल्या.

अण्णा खाली बसले आणि अक्कांच्या चपलेचा पट्टा नीट करू लागले. पट्टा चांगला होता. तरी बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.