तापलेल्या कडीचे भोक

"तुमची मुलगी ढ आहे असं मी म्हणत नाही. हट्टी आहे, एवढंच म्हणतो," विज्ञानाचे सर म्हणाले आणि त्यांनी उत्तरपत्रिका प्रयोगशाळेच्या टेबलावर आपटली.

मुलीला विज्ञानात तेहतीस गुण होते. पास व्हायला पस्तीस लागत. प्रश्न एकच अडला होता : मधोमध भोक असलेली धातूची चकती तापवली, तर भोक मोठे होईल की लहान? वर्गातल्या एकोणचाळीस जणांनी 'लहान' लिहिले होते, कारण सरांनी तसेच शिकवले होते. धातू चहूबाजूंनी फुगतो, म्हणजे आतही फुगणार, म्हणजे भोक आवळणार! हिने एकटीने 'मोठे' लिहिले आणि दोन गुण गमावले. दुपारी चारला निकाल वर जाणार होता. त्या दोन गुणांवाचून पोरीचे अख्खे वर्ष बुडत होते.

आई जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून तशीच आली होती. ती फिटर होती. नखांत ग्रीस होते.

"सर, आम्ही बेअरिंग तापवतो, तेव्हा कुठे ते शाफ्टवर चढतं. भोक लहान होत असतं, तर चढलं असतं का?"

"अहो, कारखाना वेगळा आणि विज्ञान वेगळं!"

असले वाक्य बोलायला फार शिकावे लागते. अडाण्याला ते सुचत नाही.

"मग करूनच बघू की, सर," मुलगी म्हणाली. "कपाटात गोळा आणि कडी आहे."

सर चपापले. ते कपाट एकोणीस वर्षांत प्रयोगासाठी उघडलेच नव्हते. दरवर्षी आतल्या वस्तू पुसायच्या, मोजायच्या, पुन्हा कुलूप. वापरली की वस्तू मोडते आणि मोडली की जाब द्यावा लागतो. तेव्हा विज्ञान सुखरूप राहावे म्हणून शाळेने ते कोंडून घातले होते. पण आईसमोर माघार कशी घ्यायची? मुख्याध्यापिका मॅडम किल्ली घेऊन स्वतः आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

सरांनी पितळी गोळा कडीतून सोडला. अगदी घासून, पण गेला.

"आता नीट बघा. कडी तापली की धातू असा आत येतो," म्हणत सरांनी समजावण्याच्या भरात उजवा अंगठा कडीत खुपसला. अंगठा गेला. परत आला नाही.

सरांनी ओढला. मॅडमनी ओढला. अंगठ्याचे पेर फुगून टोमॅटोसारखे झाले.

"पिशवीत करवत आहे. दोन मिनिटांत कापते," आई म्हणाली.

"काय?" सर किंचाळले.

"कडी हो, सर!"

"कडीला हात लावायचा नाही," मॅडम कडाडल्या. "ती डेडस्टॉक रजिस्टरला आहे. ऑडिटला मी काय दाखवू?"

"आणि माझा अंगठा?"

"तो रजिस्टरला नाही, सर."

मुलीने हळूच विचारले, "मग कडी तापवायची का?"

"खबरदार! भोक आवळलं तर तुकडा पडेल माझा! बर्फ आणा, बर्फ. थंडीने भोक मोठं होतं."

मुलीने कँटीनमधून वाडगाभर बर्फ आणला. दहा मिनिटे सर त्यात अंगठा घालून बसले. अंगठा निळा पडला, तरी "सैल होतंय, सैल होतंय" चालूच! शेवटी आईने ग्रीस चोळले, कडी अलगद फिरवत ओढली आणि ती सुटली.

"बघितलंत? थंडीने भोक मोठं झालं की नाही!"

"सर, सूज उतरली असेल," मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस."

आईने कडी पुन्हा बर्फात बुडवली, पुसली आणि गोळा सरांच्या हातात दिला. "टाका."

गोळा कडीवर कोंबडीसारखा बसून राहिला. सरांनी दाबला. हलेना. मग आईने पकडीत धरून कडी स्पिरिटच्या दिव्यावर चांगली तापवली. "आता टाका."

टण्! गोळा आरपार पडला आणि मॅडमच्या खुर्चीखाली घरंगळला. सरांनी तो उचलून पुन्हा टाकला. पुन्हा टण्. चौथ्या वेळी तर त्यांनी डोळे मिटून टाकला, कदाचित त्यांचा मान राखायला तरी अडेल म्हणून. नाही अडला.

"हिचे पस्तीस करा, सर," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी गुणपत्रक पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "थांबा. मग त्या एकोणचाळीस जणांचे दोन-दोन कापायचे? पाच जण नापास होतील! शाळेचा निकाल कुठे जाईल?" त्या ठणकावून म्हणाल्या, "यंदापुरतं दोन्ही उत्तरं बरोबर."

"यंदापुरतं?" आई म्हणाली. "पितळाला कळवलंत का तसं?"

"तुमची मुलगी पास झाली ना? मग झालं तर!"

मुलगी मात्र जागची हलली नाही. "मॅडम, त्यांनाही द्या दोन. सरांनी शिकवलं तेच त्यांनी लिहिलं. पण माझे दोन तसले नकोत. माझं उत्तर बरोबर होतं, ते पेपरवर लिहून द्या."

"वर तोंड करून बोलते बघा!" मॅडम उसळल्या.

सरांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. सुजलेल्या अंगठ्याने पेन धरवेना, म्हणून त्यांनी ते डाव्या हातात घेतले. जीभ दातांखाली धरून, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिले : उत्तर बरोबर. शिक्षकाचे चूक. खाली सही केली.

मॅडमनी वाकून पाहिले. "सर, हे काय? पहिलीतल्या पोरासारखं अक्षर!"

"शिकतोय, मॅडम," सर म्हणाले आणि त्यांनी लाल शाईने तेहतीस खोडले.