आवडीच्या अंबाड्यातला वास

"माळ्यावर उंदीर मेलाय," चहाचा कप खाली ठेवत महिपतीने जाहीर केले.

त्याच्या बायकोने, आवडीने, वास घेऊन पाहिला. तिला कसलाच आला नाही. पण घरात वास असून चालणार नव्हते. सून ऋतिका पोलादपूरला माहेरी बाळंत झाली होती आणि सव्वा महिना झाल्यावर, म्हणजे पुढच्याच्या पुढच्या रविवारी, नात पहिल्यांदा घरी येणार होती. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि आजीने बाळ उचलून आत न्यायचे, अशी वाडीची रीत. आवडी त्या उंबऱ्यावरच्या क्षणासाठी महिनाभर दिवस मोजत होती.

महिपतीने माळा उपसला. उंदीर सापडला नाही. मग त्याने कौले काढली. तेवढ्यात डोंगरावरून सर आली आणि दोन गोधड्या, पेंढा व वीस किलो तांदूळ भिजले.

"आता येतो का वास?" दुसऱ्या दिवशी त्याने विचारले.

"आता येतो," आवडी म्हणाली.

शेजारच्या बयाबाईने चुलीवर टांगलेल्या टोपलीकडे बोट दाखवले. "सुकं बोंबील बुरसलं असतील गो. ओल धरतात." वर्षाची बेगमी ओहोळाकाठी फेकली गेली. वाडीतली कुत्री दोन दिवस तिथून हलली नाहीत.

तिसऱ्या दिवशी दोघी भाताची बेणणी करत, तण उपटत होत्या. बयाबाई मध्येच थांबली.

"आवडे, वास तर हितं पन हाय."

"हितं कुठं बोंबील?"

बयाबाई जवळ आली, वाकली, आणि चार पावले मागे सरली. "तुझ्या डोक्याला येतोय गो."

आवडीला स्वतःचा वास कळत नव्हता, कारण नाक रोजच्या वासाची दखल घेणे सोडून देते. लावणीपासून ती डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन शेतात वाकत होती. केस ओले, तसाच अंबाडा. सोमवारी उपवास, म्हणून न्हायचे नाही. बुधवारी न्हाले तर भावाला बाधते, शनिवारी नवऱ्याला. उरलेल्या दिवसांत केस वाळायला ऊन नाही.

तिने उपाय सुरू केले. वाटीभर खोबरेल चोळले. वास वाढला. बयाबाईच्या सल्ल्याने कांद्याचा रस लावला. त्या रात्री महिपती अंथरूण घेऊन पडवीत गेला. आवडी अंधारात बराच वेळ जागी होती. बाळ हातात घेतल्यावर सुनेच्या तोंडावर काय दिसेल, ते तिला आत्ताच दिसत होते.

शेवटी आरोग्य खात्याच्या आशाताई रेश्माने तिला महाडला डॉक्टर आम्रपालींकडे नेले. महिपतीही गेला. डॉक्टरांनी केसांचा भांग पाडून पाहिले आणि विचारले, "तहान फार लागते? रात्री किती वेळा उठता?"

"चार-पाच."

त्यांनी बोटातून रक्त काढले.

"डोक्याच्या वासाला रक्त कशाला?" महिपती कुजबुजला.

साखर दोनशे ऐंशी निघाली.

"डोक्यावर बुरशी वाढलीय," डॉक्टर म्हणाल्या. "थोडी सगळ्यांच्याच असते. ओल आणि तेल मिळालं की फोफावते, साखर वाढलेली असली तर जास्तच. तेल बंद. हा शाम्पू दिवसाआड, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. साखरेच्या गोळ्या रोज."

"बुधवारी चालंल?"

"बुधवारीही."

"लागट हाय का? नात येतेय."

"नाही. खुशाल घ्या बाळाला."

परतताना रिक्षात महिपती म्हणाला, "उंदीर शोधायला गेलो नि साखर गावली." कोणी हसले नाही. तोही नाही.

आवडी बुधवारीही न्हाली. भावाला फोन करून बरा आहेस ना, एवढे विचारले. पण रविवार उजाडला तेव्हा तिचा स्वतःच्या नाकावर विश्वास उरला नव्हता.

"येतो काय अजून?" तिने महिपतीला विचारले.

"थोडा," तो म्हणाला. खोटे बोलणे त्याला कधी जमलेच नाही.

तिने भाकरतुकड्याचे ताट बयाबाईच्या हाती दिले. "तूच ने बाळाला आत." आणि स्वतः चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

रिक्षा आली. मुलगा मंगेश पिशव्या घेऊन उतरला, मागून बाळाला घेऊन ऋतिका. तिचा चेहरा उतरलेला, बाळाचे टोपडे गळ्यापर्यंत आवळलेले. बयाबाईने हात पुढे करताच ती मागे सरकली.

"आई कुठायत?" तिने घरात नजर टाकली. "आईंनाच बोलवा."

आवडी दारापर्यंत आली आणि हातभर अंतर राखून थांबली. ऋतिकाने ते अंतर स्वतःच ओलांडले आणि तिच्या कानाशी लागली.

"आई, हिच्या डोक्याला वास येतोय. पिवळी खपली धरलीय. माहेरी म्हणतात तेल चोळ. रोज चोळतेय, तर वाढतंच चाललंय. कुणाला हात लावू द्यायची लाज वाटते हो." आणि ती रडू लागली.

आवडीने टोपड्याची गाठ सोडली. इवल्या टाळूवर मेणासारखे पिवळे पापुद्रे होते. तिने बाळ उचलून खांद्याशी धरले, डोक्याला डोके लावून.

"आधी ते तेल बंद कर," ती म्हणाली. "उद्या आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. रडतेस काय? आपल्या घरातलीच हाय ती."

बयाबाई ताट घेऊन तशीच ताटकळली होती. "मंग आता भाकरतुकडा कुणावरनं ओवाळू?"

"दोघींवरनं," महिपती म्हणाला. "नि जरा लांबूनच."