रिकाम्या तारखेची माणसं

श्यामकांत विजयकरांनी शनिवारी दुपारी परळच्या दवाखान्यात बसून मेलेली माणसं एका झटक्यात पुसून टाकली आणि चहा मागवला.

दवाखाना बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी एक ट्रस्ट चालवत असे. डोळे, दात, रक्तदाब, सगळं फुकट. सभासदांच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये होत्या, आणि रविवारच्या शिबिराआधी, शनिवारी दुपारी, कॉम्प्युटर आपणहून सगळ्यांना फोन लावायचा. निरोपाचा आवाज नोंदणी करणाऱ्या लतिकाचा होता, चांगला गोड. नाव तेवढं यंत्र स्वतःच्या घोगऱ्या आवाजात मधे घालायचं. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे की लतिका बोलता बोलता बाजूला झाली आणि भलतंच कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारून गेलं.

कॉम्प्युटरला सोयरसुतक नव्हतं. चिंचपोकळीच्या राधाबाईंच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाला पानं वाढलेली असताना फोन वाजला, की यजमानांनी दात दाखवायला यावं. राधाबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन लतिकाला असं काही बोलून गेल्या, की लतिका दोन दिवस जेवली नाही. म्हणून गेलेल्यांच्या नोंदी काढून टाकायचं ठरलं आणि ते काम विजयकरांनी अंगावर घेतलं. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातला हा गृहस्थ. जन्म विम्याच्या कचेरीत गेलेला, त्यामुळे मृत्यू हा विषय आपल्याइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही असं त्यांना मनापासून वाटे.

नोंदींची तऱ्हा अशी होती की प्रत्येक माणसाचं एक वेगळं पान, आणि पानावर ज्याचं जे असेल तेवढेच रकाने. कुणाच्या पानावर चष्म्याचा नंबर, कुणाच्या पानावर कवळी. कुणी गेलं की लतिका त्याच्या पानावर 'मृत्यूची तारीख' असा रकाना जोडायची. विजयकरांनी अट घातली: जिथे मृत्यूची तारीख कोरी नाही, ती सगळी पानं पूस. वाचायला अट बिनचूक होती. कॉम्प्युटरनं "नक्की?" असं विचारलं तेव्हा विजयकरांना त्याच्या शंकेखोरपणाचं हसूच आलं.

चहा संपवून त्यांनी सहज उरलेली पानं उघडली. स्क्रीनच्या अर्ध्यात यादी संपली.

"लतिका, ही एवढीच माणसं जिवंत आहेत?" त्यांनी विचारलं.

लतिकानं वाकून पाहिलं. ती नावं वाचत खाली गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. "काका, जिवंत आहेत ते सगळे गेले," ती म्हणाली. "हे ते आहेत, ज्यांचं काहीच माहीत नाही."

मग उलगडा झाला. जिवंत माणसाच्या पानावर मृत्यूची तारीख हा रकाना असणारच कशाला? आणि जो रकाना मुळात नाही, तो कोरा तरी कसा म्हणायचा? कॉम्प्युटरनं असा सरळ हिशेब करून मेलेल्यांच्या पाठोपाठ जिवंतांनाही मार्गी लावलं होतं. वाचली ती फक्त तो रकाना असूनही कोरा राहिलेली पानं. गिरण्यांच्या संपानंतर घरातून निघाले आणि परत आलेच नाहीत, अशा माणसांची. त्यांच्या बायका नोंदणीला आल्या की लतिका तो रकाना उघडायची, समोरच्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पाहायची, आणि काही न लिहिता पुढे जायची. तारीख विचारायची तिची छाती व्हायची नाही. तिच्या जागी त्या भागातलं दुसरं कुणी असतं तरी त्यालाही ते जमलं नसतं.

विजयकरांनी सगळ्या नोंदींची एक प्रत गिरगावात घरी ठेवलेली होती. उद्या येताना आणू, गुपचूप भरू, कानोकान कुणाला कळणार नाही, असं ते लतिकाला सांगत होते. तेवढ्यात कॉम्प्युटर आपणहून घरघरला आणि खोलीत लतिकाचा गोड आवाज घुमला. "नमस्कार. उद्याच्या शिबिराला," आणि मग तो घोगरा आवाज, "दत्तू तांडेल," पुन्हा लतिका, "यांनी अवश्य यावे." बंद करायचं बटण कुठे आहे हे सापडेपर्यंत यंत्रानं उरलेल्या सगळ्यांना हाका मारून घेतल्या होत्या. आपलाच आवाज नाहीशा झालेल्या माणसांना बोलावतोय हे ऐकून लतिका खुर्चीत अंग चोरून बसली.

फोन अर्थातच घरच्यांच्या नंबरांवर गेले होते. दत्तूच्या पानावर नंबर त्याच्या बायकोचा, तुळसाचा होता. वरळी कोळीवाड्यातली ही बाई लालबागच्या बाजारात मासे विकायची, आणि तिच्या तोंडाला सगळा बाजार वचकून होता. तिला खरं काय ते सांगितलं पाहिजे, असं लतिकाचं म्हणणं पडलं. ते लतिकानंच सांगावं, असं विजयकरांचं. शेवटी वयाचा मान म्हणून त्यांनी फोन लावला. घसा खाकरून ते सुरुवात करणार, तोच पलीकडून अगदी हळू आवाज आला.

"किती वाजता आणताय त्यांना?"

विजयकर तसे खोटं बोलणारे नव्हते. पण त्या आवाजापुढे खरं बोलायचं धाडस त्यांना झालं नाही. "साडेआठला," असं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला.

रविवारी ते आले तेव्हा बाकं भरलेली होती. सगळ्या बायका. सणाला नेसाव्यात तशा हिंदमाता मार्केटातल्या कोऱ्या साड्या, केसांत गजरे, आणि प्रत्येकीनं आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली. एरवी या बाकांवर इतका कलकलाट असे की डॉक्टर बाहेर येऊन दटावत. आज पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. विजयकर दारातून आत आले तशा सगळ्या त्यांच्यामागे कुणी आहे का ते बघू लागल्या, म्हणून त्यांनीही मागे वळून पाहिलं. मागे रिकामा जिना होता.

मग त्यांनी टेबलाचा आधार घेऊन सगळं सांगून टाकलं. अट, रकाना, फोन. कुणीही सापडलेलं नाही, चूक सर्वस्वी माझी आहे, मला क्षमा करा, असं ते म्हणाले. आता शिव्या पडतील म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले. पण शिव्या पडल्या नाहीत. कुणी उठलंही नाही.

"बसतो आम्ही थोडा वेळ," तुळसा म्हणाली. "हाक मारलीत ना तुम्ही. ऐकली असंल तर येतील."

विजयकरांना त्या बायकांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आत डोळ्यांचे डॉक्टर येऊन बसले, त्यांनी दोनदा पेशंट पाठवा म्हणून सांगितलं, पण कुणी हललं नाही. एवढ्यात जिन्यावर काठी वाजली. एकेक पायरी चाचपत कुणीतरी वर येत होतं. दारात एक वाळलेला म्हातारा उभा राहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरे दिसत होते. हातानं अंदाज घेत तो नेमका तुळसाशेजारच्या मोकळ्या जागेवर येऊन टेकला.

"दत्तू तांडेल आलाय म्हणं हितं," तो शेजारच्या साडीला उद्देशून म्हणाला. "आला का?"

तुळसानं मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. लतिकानं काही बोलायला तोंड उघडलं, तर तुळसानं हात वर करून तिला गप्प केलं.

"अजून नाय आला. तुमचा कोण तो?" तिनं अगदी हळू आवाजात विचारलं.

"माझा कोण नाय. दत्तू तांडेल मीच." म्हाताऱ्यानं आवाज उतरवला. "कॉटन ग्रीनला गोदामावर वॉचमन हाय. काल हमाल लालबागवरनं बातमी घेऊन आले, तुळसाचा नवरा सापडला. म्हटलं, मी तर हितं बसलोय, मग सापडला कोण? म्हटलं बघून यावं. माणूस बरा हाय का नाय. तिला कोणी फसवायला नको."

"एवढी काळजी, तर आधी का नाय आलात?"

"कुठल्या तोंडानं येणार? संपात चोरून कामावर गेलेलो मी. तिचा भाऊ तिकडं मोर्चात लाठ्या खात होता, नि मी आत गिरणीत साचा चालवत होतो." तो थांबला. "एकदा आलेलो बाजारात, तिला सांगायला. ती कुणाला तरी शिव्या घालत होती. तसाच मागं फिरलो."

तुळसानं त्याला सुरतेला शोधलं होतं, इचलकरंजीला शोधलं होतं, एका भगताच्या सांगण्यावरून समुद्राला नारळ वाहून विचारलं होतं. "कॉटन ग्रीन," ती स्वतःशीच पुटपुटली. तिच्या बाजारापासून पायी जाण्याइतकं जवळ. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि जबडा मात्र आवळलेला होता. बाकीच्या बायका बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावरचा हेवा विजयकरांना बघवेना.

आतून डॉक्टरांनी पुन्हा हाक दिली. तुळसा उठली, म्हाताऱ्याचं कोपर घट्ट धरून त्याला उभं केलं आणि आत नेऊन खुर्चीत बसवलं.

"ह्यांचे डोळे आधी नीट करा, डॉक्टर," ती तिच्या नेहमीच्या, बाजारातल्या आवाजात म्हणाली. "मला ह्यांच्याशी बोलायचंय. पण समोर कोण बोलतंय ते ह्यांना दिसलं पायजे."

तो आवाज कानावर पडताच म्हातारा खुर्चीत ताठ झाला. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले. दोन्ही पूर्ण पिकलेत, पण घाबरायचं कारण नाही, ह्याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू, म्हणाले.

"एवढी घाई नाय, डॉक्टर," दत्तू बारीक आवाजात म्हणाला.