मुकादमाचं पाणी

निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी पहिलं काम काढलं ते स्वतःच्या घरचं, आणि तिथेच घोटाळा झाला.

उभ्या आयुष्यात त्यांनी गावभर नळ बसवले, पण त्यांच्या स्वतःच्या मोरीतला नळ लग्नापासून गळत होता. "उद्या बघतो," असं ते रोज म्हणायचे. बायकोने आधी सांगून पाहिलं, मग टोमणे मारून पाहिले, शेवटी नळाखाली बादली ठेवली आणि नाद सोडला. आता घरी बसून हात शिवशिवायला लागले, तेव्हा मिस्त्रींनी तो जुना पितळी नळ काढून भंगारात दिला आणि त्या जागी चकचकीत नवा बसवला. घर एकदम गप्प झालं. बायको म्हणाली, "सुटले बाई एकदाची!" आणि त्याच दिवसापासून मुकादमाने पाणी पिणं सोडलं.

मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. लेक शाळेत असताना एकदा दप्तरातून हे पिल्लू घेऊन आली होती. ते इतकं भेदरलेलं होतं की कुणाच्या हाताला येईना. ते थेट मोरीत शिरलं आणि गळक्या नळाखाली बसून जिभेवर थेंब झेलायला लागलं. लेक टाळ्या पिटत नाचली होती. पुढे मिस्त्री घरात काही जोडाजोड करायला बसले की पिल्लू समोर ठाण मांडून त्यांच्या हातांकडे टक लावून बघायचं. म्हणून त्याला मुकादम म्हणायला लागले. लेक मोरीच्या उंबऱ्यावर बसून पाढे म्हणायची, नळ ताल धरायचा आणि मुकादम तिच्या पायांवर झोपायचा. आता लेक सासरी दूरच्या शहरात होती. मुकादमाचं तोंड पांढरं झालं होतं आणि उठताना त्याला मागचे पाय गोळा करावे लागत.

मिस्त्रींनी त्याच्यापुढे पाण्याची भांडी मांडली. स्टीलचं, मातीचं, काचेचं. त्याने प्रत्येक हुंगलं आणि पाहुण्याघरी नको असलेला पदार्थ सरकवावा तसं नाकाने बाजूला केलं. सूप दिलं तर आतले तुकडे तेवढे वेचून खाल्ले.

जनावरांचे डॉक्टर तपासून म्हणाले, "काका, रक्तात तसं काही नाही. पण या वयात पाणी पोटात गेलंच पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत प्यायला नाही तर सलाईन लावू. पण खरं सांगू? त्याच्या शरीराला ते कितपत झेपेल, मला सांगता येत नाही."

तिथून परतल्यावर मुकादम घरात शिरल्या शिरल्या मोरीत गेला, नव्या नळाखाली बसला आणि मान वर करून वाट बघू लागला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हा त्या गळक्या नळाची वाट बघतोय."

नको त्या वेळी आपल्याला कामाचा उत्साह आला, असं मिस्त्रींना वाटलं.

"मग सोडा की थोडासा," बायको म्हणाली.

पण नवा नळ त्यातला नव्हता. जरा फिरवला की धार, जरा मागे घेतला की ठणठणीत कोरडा. धार पाहून मुकादम मागे सरकला. बायकोने ओंजळीतून थेंब पाडून पाहिले, तर त्याने तिचा हात चाटून पुसून दिला आणि पुन्हा नळाकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री भंगारवाल्याकडे धावले. जुना नळ केव्हाच भट्टीत गेला होता. तसाच दुसरा एक घेऊन ते आले, पाना काढला आणि बसवून टाकला. नळातून थेंब येईना.

"अहो, गळका बसवायचाय ना?"

"गळकाच बसवला."

"मग गळत का नाही?"

"वॉशर बदलला गेला गं. हाताने आपोआप बदलला."

त्यांनी नळ पुन्हा काढला. या वेळी जुनाच वॉशर घातला, पण बोलता बोलता आट्यांना गळती रोखणारी टेप गुंडाळली आणि पाना शेवटपर्यंत आवळला. पुन्हा कोरडा. बायकोने कपाळाला हात लावला. "आमचा नळ गळत होता तेव्हा हे हात कुठे गेले होते हो?"

मिस्त्री चिडले. तिसऱ्यांदा त्यांनी टेप काढून फेकली, नळ दोनच आट्यांवर अडकवला आणि घरभरच्या पाण्याचा मेन कॉक उघडला. नळ बंदुकीच्या गोळीसारखा समोरच्या भिंतीवर आदळला. पाण्याच्या लोटाने आधी बायको भिजली, मग दोरीवरचे वाळलेले कपडे, आणि मग मुकादम. तो आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रींवर भुंकला आणि पलंगाखाली जाऊन बसला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, घरीच आहात ना? मागे काहीच आवाज येत नाही. घर कसं परकं वाटतंय."

"नळ दुरुस्त केलाय," मिस्त्री कसेबसे म्हणाले. मुकादमाचं सांगायची त्यांना हिंमत झाली नाही. "घरी ये म्हणजे कळेल," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

बायको साडी पिळत म्हणाली, "मलाही दुपारी डोळा लागत नाही त्या आवाजाशिवाय. आता माझं ऐका. धबधब्याला बोलवा."

मिस्त्रींचा चेहरा पडला. धबधबा हा गावातला दुसरा प्लंबर. त्याने बसवलेला नळ गळला नाही असं आजवर झालं नव्हतं, आणि हे नाव त्याला मिस्त्रींनीच ठेवलं होतं. जन्मभर त्याच्या मागे जाऊन त्याची कामं निस्तरली, जन्मभर चारचौघांत त्याची टिंगल केली. पण पलंगाखालून दोन मलूल डोळे बघत होते. मिस्त्रींनी फोन लावला.

"भाऊ, कंबर धरलीय माझी. एक नळ बसवून द्याल का?"

"मिस्त्री, चेष्टा करताय का?"

"देवाशपथ नाही."

धबधबा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. मोरीत शिरण्याआधी त्याने बूट काढून नीट लावून ठेवले. पलंगाजवळच्या भिंतीवरचा मेन कॉक बंदच होता, तरी त्याने तो स्वतः पुन्हा करकचून आवळला, नळ हातात घेतला आणि आटे फडक्याने लख्ख पुसले. आटे पुसायची या माणसाला मुळीच सवय नव्हती.

"एवढं पुसायची काही गरज नाही हो," ते म्हणाले.

"वा! तुमच्या घरी काम, आणि तसंच करू?"

"टेप नाही लावली तरी चालेल."

"मिस्त्री, माझी परीक्षा घेताय, कळतंय मला," धबधबा घाम पुसत म्हणाला. "बायकोला सांगून आलोय, मिस्त्रींनी स्वतःहून बोलावलंय. आज हात वाकडा पडायचा नाही."

दुपार उलटून गेली तेव्हा त्याचं काम संपलं. त्याने मेन कॉक उघडला, मोरीत परत आला आणि श्वास रोखून उभा राहिला. मिस्त्रींनी नळाखाली तळहात धरला. धरून ठेवला. तळहात कोरडाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच धबधब्याच्या हातून न गळणारा नळ बसला होता, आणि तोही आजच.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. सलाईनची वेळ झाली होती. "भाऊ, खरं सांगायचं तर तुम्हाला बोलावलं ते..." मिस्त्रींनी सुरुवात केली, पण धबधब्याचे डोळे भरून आलेले पाहून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

एवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. लप... लप... लप.

मिस्त्री कंबर धरल्याचं सोंग विसरून धावले. धबधब्याने उघडबंद केलेला मेन कॉक दांड्यापाशी गळायला लागला होता. एकेक थेंब सावकाश घरंगळत खाली पडत होता. पलंगाखालून निम्मा बाहेर आलेला मुकादम पोटावर पसरला होता. मान वर करून, डोळे मिटून, लहानपणी झेलायचा तसे तो थेंब झेलत होता. बायको पदर तोंडाला लावून दारात उभी होती. मिस्त्रींना समोरचं धूसर दिसायला लागलं.

"काय झालं?" मोरीतून धबधब्याने घाबरून विचारलं. "काही गळतंय का?"

मिस्त्री झटकन दारात आडवे उभे राहिले. "छे हो! कुत्रा पाणी पितोय."

"हं, म्हातारपणी पाणी पोटात जायलाच हवं." धबधबा बूट घालायला वाकला, आणि वाकूनच राहिला. "मिस्त्री, एकदाच विचारतो. काम कसं झालंय? खरं सांगा."

मिस्त्रींनी जन्मात कुणाच्या कामाला बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी धबधब्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"भाऊ," ते म्हणाले, "सकाळपासून तीनदा करून पाहिलं. मला नाही जमलं."