पाळण्यातलं खरबूज

"माझा ओतबेक उद्यापासून आपला आपण झोपणार!" मुनीसाने जेवताना जाहीर केलं, तेही अशा थाटात, की पोर उद्यापासून ट्रॅक्टरच चालवणार आहे!

सासूबाईंचा चहाचा पेला तोंडापाशीच थांबला. उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या त्या गल्लीत आजवर एकही मूल आपलं आपण झोपलं नव्हतं. मूल बेशिकमध्ये, म्हणजे लाकडी पाळण्यात ठेवायचं, रुंद पट्ट्यांनी गच्च बांधायचं, वरून पांघरूण टाकायचं आणि गाणं म्हणत हलवत बसायचं. मुनीसाचा नवराही याच बेशिकमध्ये वाढलेला.

"आणि रडला तर गं?"

"रडेल थोडा. मूठ चोखेल. शिकेल! तुम्ही मात्र त्याला हात लावायचा नाही, आई."

"बरं बाई."

"बरं नको, शपथ हवी!"

सासूबाईंनी समोरच्या नानवर हात ठेवला. नानवरची शपथ मोडणं म्हणजे अन्नाशी बेइमानी!

दुसऱ्या दिवशी दुपारी ओतबेकला गोधडीवर ठेवलं आणि त्याने असा सूर लावला, की शेजारची सालोमत धुरी घेऊनच धावत आली.

"दृष्ट लागली गं पोराला!"

"दृष्ट नाही, काकू. शिक्षण चाललंय!"

"शिक्षण त्याचं ना? मग तू का रडतेस?"

मुनीसाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं आणि मन घट्ट करून ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली. एकच दुपटं तिने इतकं पिळलं, की ते दोरीवर जायच्या आधीच वाळलं.

हळूहळू रडणं थांबलं. शांतता! आणि मग आतून आवाज आला, टक-टक, टक-टक. वर सासूबाईंचं अंगाईगीत!

मुनीसा वाघिणीसारखी आत धावली. पांघरलेलं, फुगलेलं बेशिक झोके घेत होतं.

"आई! नानवर हात ठेवला होतात ना तुम्ही!"

या गर्जनेने तुतीच्या झाडावरची कबुतरं उडाली. तिने पांघरूण ओढलं. आत पट्ट्यांनी बांधलेलं एक लांबट, पिवळंधमक खरबूज होतं. डोक्यावर ओतबेकची टोपी!

"रिकामा पाळणा हलवू नये म्हणून ठेवलं," सासूबाई पुटपुटल्या. "पोराला बोट लावलं नाही गं मी. पण या हातांचं काय करू?"

कोपऱ्यात, गोधडीवर, मूठ तोंडात घेऊन जन्मात पहिल्यांदा आपला आपण झोपलेला ओतबेक दचकून उठला आणि त्याने टाहो फोडला!

"वा!" सालोमत दारातून म्हणाली. "झोपलेलं पोर उठवायचंही शिक्षण असतं वाटतं!"

मुनीसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय बोलून बसलो आपण, तेही या म्हातारीला!

"चुकले, आई. शपथ सुटली तुमची. घ्या त्याला."

ती घाईघाईने खरबूज सोडवू लागली. सासूबाईंच्या गाठी त्या! नखं तुटायची वेळ आली. शेवटी खरबूज निघालं आणि दोघी वळल्या, तर ओतबेकने मूठ पुन्हा तोंडात घातली होती. एक हुंदका आला, आणि डोळे मिटले. कुणीही हात न लावता.

जिंकली की मुनीसा! नाचायला हवं होतं. पण कालपर्यंत तिच्या कोपरावर निजणारं ते दुधाच्या वासाचं डोकं आता गोधडीवर निवांत होतं, आणि कोपर उगाचच दुखत होतं.

दोघी रिकाम्या बेशिककडे बघत राहिल्या.

मग मुनीसाने खरबूज उचललं, आत ठेवलं, नीट बांधलं आणि टोपी सरळ केली.

"सरका थोडं, आई," ती हळूच म्हणाली. "आता माझी पाळी."